अर्ध्या दगडफुलावरचा थेंब

माझ्या लेकीला घरात कुणी नावाने हाक मारत नाही. तिचे बाबा तिला भिंगबाई म्हणतात. शाळेत बक्षीस मिळालेलं घडीचं भिंग तिने गळ्यात अडकवलं, ते अजून उतरलेलं नाही. आंघोळीच्या वेळी तेवढं ते न्हाणीच्या खुंटीवर असतं. भाच्याच्या लग्नात सगळे फोटोसाठी ओळीने उभे होते आणि ही नवी साडी नेसून हॉलच्या मागच्या कुंपणाला नाक लावून उभी होती. छायाचित्रकाराने मला विचारलं, ताईंना बरं वाटत नाहीये का. मी म्हटलं, फार बरं वाटतंय, म्हणूनच तिकडे गेलीय.

कुंपणावर तिला सापडलं होतं दगडफूल. आपण येता-जाता दगडांवर जे राखाडी, पिवळट, चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग पाहतो आणि पाहिले न पाहिले करतो, ती सगळी दगडफुलं. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेलं घर, असं ती सांगते. बुरशी भिंती बांधते, शेवाळ रांधतं. हे ऐकून तिचे बाबा म्हणाले होते, म्हणजे आपल्यासारखंच. मी म्हटलं, हो, फक्त त्यांच्यात भिंती बांधणारा रोज पेपर वाचत बसत नाही.

ती एका वनस्पतिसंग्रहालयात काम करते. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, कपाटांत खण आणि खणांत तपकिरी कागदाच्या पुड्या. प्रत्येक पुडीत दगडाची एक कपची. कारण काही दगडफुलं दगडाला अशी चिकटलेली असतात की नखाने, सुरीने सुटत नाहीत. छिन्नी-हातोडी घेऊन दगडच फोडून आणावा लागतो. माझ्या मुलीच्या पाठपिशवीत पावडर-लिपस्टिक नसते, हातोडी असते. बसमध्ये शेजारी बसलेल्यांना तिचा धक्का लागला की ते दचकून बघतात.

पदव्या घेऊन, प्रबंध लिहूनही ती बरीच वर्षं कंत्राटावर होती. दर वर्षी कंत्राट संपायच्या सुमारास तिची झोप उडायची आणि तिच्याआधी माझी. मग एकदा कायमची जागा निघाली. एकच जागा. त्याच सुमारास तिचा एक लेख छापायला स्वीकारला गेला. त्यात तिने दगडफुलाच्या एका नव्या जातीचं वर्णन केलं होतं, जगात आजवर कुणी नोंदवली नव्हती अशा जातीचं. मुलाखतीच्या आधी तो अंक हातात आला असता तर दुसऱ्या कुणाचा विचार झाला नसता. हे तिचं म्हणणं नव्हे, विभागप्रमुखांचं.

ते दगडफूल तिला बंद पडलेल्या एका खाणीच्या वरच्या अंगाला, पुढे झुकलेल्या एकाच मोठ्या शिळेवर मिळालं होतं. सगळा मिळून तळहाताएवढा पापुद्रा. राखाडी, मधे मोहरीसारखे काळे ठिपके. आसपासच्या सगळ्या टेकड्या तिने आणि तिच्या सहकाऱ्याने पालथ्या घातल्या, दुसरीकडे कुठे नाही. तिच्या धंद्याचा एक नियम आहे, एकटंच सापडलं तर अर्धं घ्यायचं, अर्धं सोडायचं. तिने अर्ध्यावर छिन्नी लावली आणि उरलेलं अर्धं शिळेवर तसंच ठेवलं.

नव्या जातीला नाव देण्याचा मान वर्णन करणाऱ्याचा असतो. तिने बाबांचं नाव दिलं. हे तिने त्यांना सांगायला नको होतं, निदान छापून येईपर्यंत तरी. माझे यजमान जन्मभर बसडेपोत मेकॅनिक होते. गाडीखाली पाठीवर झोपून काम करणाऱ्याचं नाव कुठे लिहिलं जात नाही. ते आधी हसले, म्हणाले, दगडावरच्या डागाला माझं नाव, शोभतंय. आणि दुसऱ्या दिवशी न्हाव्याला, औषधवाल्याला, डेपोतल्या जुन्या मित्रांना सगळ्यांना सांगून आले. न्हावी तर आलेल्या गिऱ्हाइकांना सांगायला लागला.

आता चाचणीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच अडलं. दगडफुलं बऱ्याचदा दिसायला सारखी असतात. मग त्यांच्यावर औषधांचे बारीक थेंब टाकून रंग बदलतो का ते बघतात. त्यातलं एक औषध म्हणजे आपण कपड्यांना वापरतो ते ब्लीच. एका जुन्या, माहीत असलेल्या जातीवर ब्लीचचा थेंब टाकला की ती लालसर गुलाबी होते. लेकीची जात बाकी सगळ्या बाबतींत तिच्यासारखीच होती, पण लाल होत नव्हती. म्हणून नवी. म्हणून लेख, म्हणून बाबांचं नाव, म्हणून मुलाखतीची आशा.

पण उघडलेल्या ब्लीचचा जोर उतरतो. उन्हात राहिलं तर फारच लवकर. त्यासाठी या लोकांची एक सवय असते. हमखास लाल होणारं एखादं दगडफूल डबीत ठेवतात आणि कुठल्याही चाचणीआधी त्याच्यावर एक थेंब टाकून बघतात, औषध जिवंत आहे की मेलेलं. तिने ही चाचणी केली त्या दिवसांत संग्रहालयात किडा झाला होता. किडा मरावा म्हणून सगळ्या पुड्या आणि डब्या बर्फाच्या पेटीत ठेवलेल्या होत्या. तिची ती डबीसुद्धा. नंतर बघू, म्हणून तिने थेंब टाकला. रंग आला नाही, आणि आनंदाच्या भरात नंतर बघायचं राहून गेलं.

हे लक्षात आलं ते विद्यार्थ्यांच्या घोळक्यासमोर. बाहेरच्या कॉलेजची मुलं संग्रहालय बघायला आली होती. गंमत दाखवायची म्हणून तिने डबीतलं हमखास दगडफूल काढलं आणि म्हणाली, बघा हं, आता लाजून लाल होईल. खिडकीत उन्हात राहिलेल्या, नव्या जातीच्या चाचणीला वापरलेल्या त्याच बाटलीतला थेंब टाकला. दगडफूल होतं तसंच राखाडी राहिलं. मुलं हसली. तीही हसली म्हणे, आज त्याचा मूड नाही. मुलं गेल्यावर तिने रस्त्यापलीकडच्या दुकानातून नवी बाटली आणून थेंब टाकला. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल.

त्या दुपारी ती लवकर घरी आली. चपला न काढता स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली आणि हे सगळं एका सुरात सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाचं. जातीची मूळ कपची परक्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात तपासणीला गेलेली, परत यायला महिना. इथे उरल्या होत्या त्या सूक्ष्मदर्शकासाठी रंगात बुडवलेल्या काचपट्ट्या, त्यांच्यावर ही चाचणी होत नाही. अंक आठवड्याअखेर छपाईला जाणार. राहता राहिलं शिळेवरचं अर्धं, आणि नियमाप्रमाणे ते फोडून आणायचं नाही, थेंब तिथेच जाऊन टाकायचा.

मी विचारलं, सहकाऱ्याला घेऊन जाशील ना?

तिने नकारार्थी मान हलवली. तो त्याच जागेसाठी मुलाखत देणार होता.

मी म्हटलं, मग मी येते. ती म्हणाली, तुला स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढता येत नाही. मी म्हटलं, डबा मला महत्त्वाचा नाही. बाबांना आम्ही सांगितलं की मावशीकडे जातोय. त्यांनी वर न बघताच विचारलं, मावशीकडे हातोडी कशाला लागते? पण पुढे काही विचारलं नाही.

खाणीपर्यंत बस जाते, पुढे झुडपांतून चढण. ती पुढे, मी मागे, तिच्या टाचांवर नजर ठेवून. तिच्या लहानपणापासून मी हेच केलंय, तिच्या टाचांकडे बघत चाललेय. शिळेशी पोचलो तेव्हा मी तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरला. शिळा खाणीच्या तोंडावर ओणवलेली. दगडफूल तिच्या पुढच्या अंगाला, वरच्या काठाच्या जरा खाली. त्याच्यापर्यंत हात पोचायचा तर बाजूने उतरून पाऊलभर रुंदीच्या कडेवर उभं राहायचं, पाठीमागे खाण. आणि तिथून हात पोचला तरी नजर पोचत नाही, ते डोक्याच्या वर राहतं. दिसतं ते फक्त शिळेच्या माथ्यावर पालथं झोपून डोकं बाहेर काढलं तर. पण तिथून थेंब नेमका टाकता येत नाही. म्हणजे दोन माणसं हवीतच. एकाने टाकायचा, दुसऱ्याने बघायचा. मोबाइलवर चित्रण करायचा प्रयत्न तिने आधी साध्या पाण्याच्या थेंबावर करून पाहिला. ओल्या दगडाच्या चकाकीत पांढऱ्या ठिपक्याशिवाय काही उमटेना.

खाणीच्या काळातली एक लोखंडी खुंटी तिथे रुतलेली आहे. तिने दोर तिला बांधला, मग स्वतःच्या कमरेला, आणि गाठ मला ओढून बघायला लावली. गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. ते माझ्या हातात ती पहिल्यांदाच देत होती. म्हणाली, रंग आला तर लगेच येतो आणि कधीकधी लगेच जातो. पापणी हलवू नकोस. जे दिसेल ते सांग, बाकी काही बोलू नकोस. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी आणायला हवं होतंस. ती म्हणाली, "तुलाच आणायचं होतं. तू खोटं बोलल्यावर कधी कुणी विश्वास ठेवलाय?"

मी पालथी झोपले. दगड गार होता, बाहेर काढलेल्या डोक्याला वाराही लागत होता. खाली तिच्या केसांचा भांग दिसत होता आणि त्याच्याही खाली बरंच काही, तिकडे मी बघितलं नाही. भिंगातून दगडफूल एखाद्या भेगाळलेल्या तळ्यासारखं दिसलं. खालच्या बाजूला छिन्नीचा पांढरा व्रण. तिची काचेची बारीक नळी वर आली, चाचपडली. मी म्हटलं, डावीकडे, अजून जरा, बस. थेंब उतरला.

राखाडीवर ओल पसरली आणि ओलीच्या कडेला गुलाबी रंग आला. मी तो पाहिला. डोळा मिटून उघडावा इतकाच टिकला आणि पुन्हा राखाडी.

"आई, काय?"

मी भिंग तसंच डोळ्याला धरून होते. त्या अवधीत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मला नीट आठवतं. पाहिलेली मी एकटी होते. काही दिसलं नाही, एवढं म्हटलं असतं तर अंक निघाला असता, जागा मिळाली असती, न्हाव्याच्या दुकानात माझ्या नवऱ्याची मान ताठ राहिली असती. आणि गुलाबी खरंच होता का? माझे डोळे, वारा, वरून येणारा उजेड. मी शास्त्राची नव्हे, अर्थशास्त्राची पदवीधर. मला काय कळतं? हे सगळं मनात होतं आणि त्याच वेळी ती पाऊलभर कडेवर उभी होती. आत्ता सांगितलं आणि तिचे पाय लटपटले तर?

"आई. सांग."

"आधी वर ये," मी म्हटलं.

खालून आवाज आला. नळी खिशात ठेवल्याचा, मग दोर घासल्याचा. ती बाजूने वर आली, माझ्याशेजारी बसली, गुडघ्यांवरची माती झटकली. मला काही सांगावं लागलं नाही, तरी मी सांगितलं, गुलाबी, कडेला, आणि गेला. तिने विचारलं, आधी कडेला की आधी मधे? मी पुन्हा म्हटलं कडेला. तसाच येतो, ती म्हणाली. आणि कमरेच्या दोराची गाठ सोडायला लागली.

मी म्हटलं, मला भासही झाला असेल.

"तेच तर," ती म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून मी लेख मागे घेऊ शकत नाही. आणि तू सांगितलंस, आता छापूही शकत नाही. मला स्वतःला बघायला हवं."

याचा अर्थ माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तिने बघायचं म्हणजे थेंब दुसऱ्या कुणी टाकायचा. आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं.

ती लगेच म्हणाली, नको, राहू दे, तुला नाही जमणार. हेच ती बोलली नसती तर कदाचित मी गेले नसते. मी चपला काढल्या. तिने दोर माझ्या कमरेला बांधला, दोनदा बांधला, आणि मी लहान मूल असल्यासारखं मला सांगितलं, पाय बघ, खाली बघू नकोस. पाय बघायचे आणि खाली बघायचं नाही हे कसं करायचं, असं मी विचारलं. त्यावर ती हसली, त्या दिवसात पहिल्यांदा.

कडेवर मी कशी उतरले ते मला सांगता येणार नाही. दगडाला छाती टेकवून उभी होते, दगडफुलासारखीच. वरून तिचा आवाज येत होता, शांत, एकेक शब्द. हात वर. उजवीकडे. नळीच्या तोंडावरचं बोट उचल. मी वर बघत होते तर मला आभाळ दिसत होतं आणि त्यात तिचा चेहरा, डोळ्याला भिंग लावलेला. मी बोट उचललं.

तिचा चेहरा हलला नाही. भिंग जरा वेळ तसंच राहिलं, थेंब सुकेपर्यंत असावं. मग तिने ते डोळ्यापासून दूर केलं आणि म्हणाली, "झालं. वर ये."

परतीच्या वाटेवर पहिल्यांदा ती मागे होती आणि मी पुढे.

दुसऱ्या दिवशी तिने विभागप्रमुखांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला, आणि म्हणाले की अंक जाऊ दे, दुरुस्ती पुढच्या अंकात देता येते, अशा दुरुस्त्या शेकड्याने होतात. तिने विचारलं, मुलाखतीत विचारलं तर काय सांगू? ते म्हणाले, नाही विचारणार, त्या खोलीत ब्लीच घेऊन कुणी येत नाही. ती म्हणाली, मी तर येणार ना. त्याच दुपारी संपादकांना कळवून तिने लेख मागे घेतला. मुलाखतीत कुणी काही विचारायच्या आधीच तिने झालेलं सांगून टाकलं, आणि मग सोळा आणे खरं बोलल्यासारखं नव्हे, चोरी कबूल केल्यासारखं तिला वाटत राहिलं.

जागा सहकाऱ्याला मिळाली. तिचं कंत्राट एक वर्षाने वाढलं.

बाबांना मात्र तिने खाणीवरून परत आल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. ते पंखा उघडून बसले होते, पाती जमिनीवर मांडलेली. मी दाराशी उभी राहिले, कारण मला तिच्यापेक्षा त्यांची काळजी जास्त होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डबी बर्फाच्या पेटीत होती हे त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "गाडी फाटकाबाहेर काढण्याआधी ब्रेक दाबून बघायचा असतो. तू बघितला नाहीस. पण फाटकातच थांबवलीस ना?"

ती म्हणाली, फाटकातच.

"मग झालं. मी एकदा थांबवली नव्हती." इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी पातं उचललं आणि तिला म्हणाले, स्क्रू दे इकडचा. जरा वेळाने माझ्याकडे बघत, "तसंही दगडाला चिकटून राहणं मला जमलं नसतं. ते तुझ्या आईचं काम." न्हाव्याकडे ते त्याच आठवड्यात गेले, दाढी वाढलेली नसताना. परत आल्यावर एवढंच सांगितलं की न्हावी नवं नाव विचारत होता, आणि त्यांनी त्याला सांगितलं की नाव जुनंच आहे, आम्हालाच ठाऊक नव्हतं.

मूळ कपची महिन्याने परत आली. ताज्या ब्लीचचा थेंब टाकल्यावर तीही गुलाबी झाली. ती जुनीच जात, पण आपल्या भागात आजवर कुणाला मिळाली नव्हती. लेकीने तेवढ्यावर अर्ध्या पानाची नोंद लिहिली. त्यात थेंब टाकणारीचे आभार मानलेत. नात्याचा उल्लेख नाही.

ती पुडी मी बघून आले. त्यांच्याकडे चुकीचं लेबल फाडून टाकत नाहीत. ते तसंच राहतं आणि खाली दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवतात, तारीख आणि सही करून. वरच्या लेबलावर बाबांच्या नावावरून दिलेलं नाव, तिच्या नीटस अक्षरात. खाली खरं नाव, त्याच अक्षरात, जरा घाईने. मी विचारलं, वरचं खोडत का नाहीस? ती म्हणाली, पुढे कुणी ही पुडी उघडली तर त्याला कळायला हवं की इथे कुणीतरी घसरलं होतं. मग तो डबी आधी उघडेल.

तिच्या टेबलावरच्या ब्लीचच्या बाटलीवर आता उघडल्याची तारीख असते. माझ्या न्हाणीतल्या बाटलीवरही आहे, ती तिनेच घातली.

आजही ती टेकडीवर गेलीय, दुसऱ्या एका खाणीच्या वर. सोबत सहकारी आहे. जागा मिळाल्यापासून तो स्वतःहून दोर धरायला येतो, बहुधा त्याला जरा अवघडल्यासारखं होत असावं. दुपारी तिचा फोन लागला नाही. मी भांडी घासली, पुसली, पुन्हा लावून बघितला. तिच्या वर्षाच्या कंत्राटातले काही महिने सरलेत आणि पुढचं मला काही माहीत नाही, पण फोन लागल्यावर मी ते विचारत नाही. एकच विचारते, वर आलीस का? आणि ती आलेली नसेल तर खोटं सांगत नाही. जरा थांबून म्हणते, येतेय.